‘मी नक्की कोण?’ सांगणाऱ्या चार चाचण्या: कुठली भरावी, कुठली सोडावी

परीक्षा, सबमिशन, इंटर्नशिपचे अर्ज या धबडग्यात ‘आपल्याला नक्की हवंय काय’ हा प्रश्न हमखास रात्री उशिरा पडतो, आणि अर्ध्या तासात त्याचं चार अक्षरी उत्तर मोबाइलवर तयार असतं. ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचण्या या अर्ध्या तासावरच चालतात. विद्यार्थ्यांच्या वाट्याला मुख्यतः चार येतात: मायर्स-ब्रिग्ज धाटणीची चार अक्षरं (INFP सारखी), स्वभावातली २४ बलस्थानं क्रमाने लावणारी व्हीआयए, ‘बिग फाइव्ह’ म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे गुण मोजणारी आयपीआयपी-निओ आणि ओ-नेट या अमेरिकी व्यवसायमाहितीच्या साइटवरचा, कामाच्या आवडी तपासणारा इंटरेस्ट प्रोफायलर. दुर्दैवाने जी सगळ्यात गाजलेली, तीच सगळ्यात कमी कामाची.

मायर्स-ब्रिग्जची मूळ कल्पना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथातली. कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी तिची प्रश्नावली केली. अडचण आहे ती अक्षर देण्याच्या पद्धतीत. बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुख अशा कुठल्याही पट्टीवर मधल्या भागातच असतात, आणि ही चाचणी नेमकी मध्यावर रेघ मारते. समजा शंभराच्या पट्टीवर एकाला ४८ आणि दुसऱ्याला ५२ मिळाले. दोघं जवळपास सारखेच, तरी अक्षरं उलटी. ५२ आणि ९५ वाल्यांचं अक्षर मात्र एकच! म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा भरली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. नोकरीच्या निवडीसाठी ही वापरू नका, असं खुद्द प्रकाशकच सांगतात.

मग वर्णन वाचून ‘अरे, हे तर माझंच’ असं का वाटतं? मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांकडून चाचणी भरून घेतली आणि निकाल म्हणून प्रत्येकाच्या हातात एकच मजकूर ठेवला, राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हे घरबसल्या तपासता येतं. निकाल आला की आपल्या प्रकाराच्या नेमक्या उलट प्रकाराचं वर्णन उघडावं आणि स्वतःला लागू पडणारी वाक्यं मोजावीत. निम्मी लागू पडली, तर पहिल्या वर्णनाचीही किंमत तेवढीच. मैत्रिणींमध्ये गप्पांना विषय म्हणून ठीक आहे, शाखा निवडायला नाही.

व्हीआयए बरी आहे. पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांच्या २००४ च्या वर्गीकरणावर ती बेतलेली आहे. मूळ यादी फुकट मिळते आणि तेवढी पुरते. सविस्तर अहवाल विकत घेण्याची गरज नाही. लक्षात एवढंच ठेवायचं की हा आपल्याच गुणांचा आपसातला क्रम आहे. चोविसावं आलं ते वैगुण्य नव्हे. वरची पाच पाहावीत, बाकी सोडून द्यावं.

वेळ द्यावा तो आयपीआयपी-निओच्या १२० प्रश्नांच्या आवृत्तीला. प्रश्न सर्वांसाठी खुले आहेत. पाच मोठे गुण, प्रत्येकाचे सहा पैलू, म्हणजे एकूण ३० पैलू आणि दर पैलूला चार प्रश्न. पाच मोठे आकडे पाहून टॅब बंद करणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं, कारण खरी माहिती पैलूंत आहे. कर्तव्यदक्षता हा गुण ‘मध्यम’ आला, तर त्यातून काहीच कळत नाही. त्याच्या पोटात शिरलं की यशाची ओढ खूप वर आणि स्वयंशिस्त तळाला, असं चित्र निघू शकतं. डोक्यात मोठे बेत, आणि फाइल मात्र मुदतीच्या आदल्या रात्री उघडायची, तो हा नमुना. त्याला ‘मी आळशी आहे’ म्हणणं साफ चूक. काम सुरू करण्यापाशी गाडी अडते, आणि उपायही तिथेच करावा लागतो.

निकालातले आकडे म्हणजे गुणपत्रिका नव्हे. ७० याचा अर्थ तुलनेच्या गटातल्या शंभरांपैकी साधारण सत्तर जण तुमच्या खाली. नेहमीच्या अहवालात खालचे ३० टक्के ‘कमी’, मधले ४० ‘सरासरी’ आणि वरचे ३० ‘जास्त’ धरतात. त्यामुळे ६८ आणि ७२ मधल्या फरकावर झोप उडवू नये.

ही चाचणी बिघडते ती भरताना. परीक्षेच्या आठवड्यात भरली तर चिंतेचा पैलू फुगून येतो, म्हणून साधा, कंटाळवाणा आठवडा निवडावा. सूचनेत आपल्याच वयाच्या ओळखीच्या लोकांशी तुलना करायला सांगितलेलं असतं. विद्यार्थी ती वर्गातल्या पहिल्या पाचांशी करतात आणि स्वतःची शिस्त उगाच कमी लावतात. काही विधानं मुद्दाम उलटी असतात, घाईत त्यांवर चुकीचं बोट पडतं. आणि उत्तर द्यायचं ते आज जसे आहोत तसं, व्हायचंय तसं नाही. जवळच्या एकाला तुमच्याबद्दल तीच प्रश्नावली भरायला लावली आणि दोन निकाल शेजारी ठेवले, तर जिथे सर्वाधिक तफावत दिसेल त्या पैलूवर बोलायला भरपूर काही निघतं. झोप-भूक उडाली असेल तर मात्र चाचण्यांच्या नादी न लागता समुपदेशक गाठावा.

इंटरेस्ट प्रोफायलर अमेरिकेच्या श्रम खात्याचा, फुकट, आणि चौघांत सगळ्यात व्यवहारी. जॉन हॉलंड यांच्या सहा आवडींवर तो उभा आहे: वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्योजक, पारंपरिक. लहान आवृत्तीत ६० कामं येतात. विटा रचणं, नवं औषध शोधणं, वाद्य वाजवणं, दुकान चालवणं... आणि ते आवडेल का, एवढाच प्रश्न. जमेल का, पगार किती, याचा विचार करायचा नाही असं तिथे स्पष्ट सांगितलेलं असतं. तरी घरच्यांचा आवाज कानात ठेवूनच अनेक जण भरतात. प्रत्येक आवडीला ४० पैकी गुण मिळतात. सहाही आकडे एकसारखे आले, तर बहुतेक वेळा मधल्याच पर्यायावर बोट ठेवलेलं असतं. तेव्हा पुन्हा भरावी. निघणारी व्यवसायांची यादी तिकडच्या नोकरीबाजारावर बेतलेली आहे, हे धरून चालावं.

यादीतलं एकच काम निवडून त्याचा दोन-तीन तासांचा तुकडा या महिन्यात करून पाहावा. कुणाच्या हिशेबाला हातभार, लहान मुलांना एक धडा शिकवणं, खऱ्या माहितीचा एक तक्ता. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवरून ‘मी कोण’ या स्वतःच्या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यातली एक म्हणजे शोध न घेताच ठरवून मोकळं होणं. चार अक्षरं बायोमध्ये टाकून थांबणारा त्याच रांगेत बसतो.

इमेल घेतल्याशिवाय निकाल दाखवत नाही अशी साइट लागली, तर टॅब बंद करावा. तेच १२० प्रश्न दुसरीकडे फुकट मिळतात.