बाळंतविडा अडकलाच नव्हता

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी तासाभरात माझ्या खात्यातून ३४,४२५ रुपये गेले. कोणी धमकावलं नाही, कोणी दारात आलं नाही. मी स्वतः पिन घालून ते पाठवले. आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत, मुलं-नातवंडं परदेशात असलेली मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

आमचा धाकटा टांझानियात, दार-ए-सलामला असतो. इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर झाला आणि पाच वर्षांपूर्वी तिकडच्या एका बांधकाम कंपनीत लागला. गुजराती घरांतून पूर्व आफ्रिकेत जाणं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आमच्या घरातला मात्र तो पहिलाच. जानेवारीत त्याला मुलगी झाली. विहीणबाई बाळंतपणासाठी आधीच गेल्या होत्या, पण जन्माआधी बाळाचं काही शिवायचं नाही, पाठवायचं नाही, हे आम्ही पाळतो. त्यामुळे त्यांच्याबरोबर काही दिलं नव्हतं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मलाही जाता येईना. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलं होतं. त्याच्या आत पोचेल अशा बेतानं बाळंतविडा पोस्टानं पाठवायचा, असं मी ठरवलं.

डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळगुटीचा संच, दोन कुंच्या, चार झबली आणि एक दुपटं. दुपटं सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत, आत सासऱ्यांच्या धोतराचा थर, वरून हातानं घातलेले धावदोरे, आणि लुगड्याचा काठ चारी बाजूंना तसाच ठेवलेला. सहा रात्री बसून केलं होतं. हे एवढं सविस्तर सांगते, कारण त्या दिवशी माझं डोकं का चाललं नाही याचं उत्तर त्या दुपट्यात आहे.

रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टात पार्सल नोंदवलं. सीएन २३ नावाचा कस्टमचा फॉर्म असतो. आत काय आहे, वजन किती, किंमत किती, सगळं त्यावर लिहावं लागतं. खिडकीवरच्या भाईंनी बाळगुटीतलं वेखंड, मुरडशेंग वाचून सांगितलं, ‘बेन, आ मूळियां त्यां कस्टमवाळा अटकावे पण खरा.’ म्हणजे, ही मुळं तिथले कस्टमवाले अडवूही शकतात. ते भल्यासाठीच बोलले होते. दुसरी धाकधूक पत्त्याची. टांझानियात बहुतेकांचं टपाल घरी येत नाही, पोस्टातल्या पेटीत येतं. पत्त्यात घर नंबर नाही, गल्ली नाही, नुसतं ‘एस. एल. पी.’ आणि आकडा. स्वाहिलीत सांदुकू ला पोस्टा, म्हणजे पोस्टाची पेटी. तीसुद्धा मुलाच्या कंपनीची. एवढ्याशा पत्त्यावर सासूबाईंचं लुगडं समुद्रापलीकडे पाठवताना माझा जीव टांगणीला लागला होता.

बाराव्या दिवशी, दुपारी पावणेतीनला मेसेज आला. ‘तुमचं पार्सल गोदामात आलं आहे. पत्ता अपूर्ण असल्यानं पोचवता येत नाही. १२ तासांत पत्ता दुरुस्त करा.’ खाली लिंक. हे आत झोपले होते. मी लिंक उघडली. पोस्टाचं लाल-पिवळं चिन्ह, रकाने, सगळं बरोबर दिसत होतं. नाव, पत्ता, फोन भरला, आणि ‘पुन्हा पाठवण्याचे’ २५ रुपये यूपीआयनं भरले. २५ रुपयांचा कोण विचार करतो?

दहा मिनिटांत फोन आला. माणूस हिंदीत, अतिशय अदबीनं बोलत होता. ‘माताजी, आपका पार्सल होल्ड पर है. कहाँ भेजा था आपने?’ मी म्हणाले, टांझानिया. ‘जी, वही टांझानियावाला. उसमें क्या-क्या सामान है, कन्फर्म कर दीजिए.’ मी एक एक वस्तू सांगत गेले. वेखंड म्हणजे काय, तेसुद्धा त्याला समजावून सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘यही तो दिक्कत है माताजी. ये जड़ी-बूटी प्रतिबंधित है.’

खिडकीवरच्या भाईंचं वाक्य माझ्या कानात होतंच. पत्ता अपूर्ण आहे ही भीतीही मनात होतीच. त्यामुळे हा माणूस जे बोलत होता ते मला आधीपासून ठाऊक असल्यासारखं वाटलं.

आधी ८,४०० रुपये कस्टम ड्युटी. ती भरताना पैसे घेणाऱ्याचं नाव पडद्यावर आलं, कुणा एका माणसाचं, नुसतं नाव-आडनाव. मी विचारलं, हे कोण? ‘हमारे कॅशियर साहब हैं, शनिवार को सरकारी खाता बंद रहता है.’ मी भरले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्र आलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये माझं नाव आणि ‘२६,००० रुपये दंड, वापस मिलेगा’ अशा अर्थाचा मजकूर. त्या पत्रात ‘सीमा शुल्क’मधला ‘सी’ ऱ्हस्व होता. ३१ वर्षं मी मराठी शाळेत शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या. ती चूक मला पहिल्या नजरेतच दिसली. सरकारी खात्याच्या शिक्क्यात खात्याचंच नाव चुकेल कसं, हा प्रश्न मनात येऊन गेला. पण तो सारखा म्हणत होता, ‘लाइन पर रहिए माताजी, चार बजे गाड़ी निकल जाएगी, फिर माल नष्ट कर देंगे.’ नष्ट हा शब्द ऐकला आणि मला ते दुपटं दिसलं. मी २६,००० पाठवले.

त्यानंतर त्यानं ४५,००० मागितले, ‘टांझानिया साइड का क्लिअरन्स’ म्हणून. तेवढे खात्यात नव्हते. मुदत ठेव मोडायची असेल तर कशी मोडायची, तेही तो सांगू लागला. तेवढ्यात मुलाचा फोन मध्ये आला. टांझानिया आपल्यामागे अडीच तास, म्हणजे त्याची जेवणाची सुट्टी. मी त्या माणसाला थांबायला सांगून मुलाशी बोलले. मुलगा एवढंच म्हणाला, ‘आई, इथली ड्युटी इथं मी भरणार. तू तिथं कुणाला देते आहेस?’

या एका वाक्यात सगळं होतं. पार्सल ज्या देशात पोचतं त्या देशाचं कस्टम ते तपासतं, आणि काही कर बसला तर तो सहसा पार्सल घेणाऱ्याकडून, तिथल्या खिडकीवर घेतं. टांझानियाचं कस्टम बडोद्यातल्या बाईकडून फोनवर पैसे मागत नाही. आपलं टपाल खातंही पत्ता दुरुस्त करायला मेसेजमधून लिंक पाठवत नाही. ‘पीआयबी फॅक्ट चेक’ या खोट्या बातम्या तपासणाऱ्या सरकारी विभागानं असे मेसेज खोटे असल्याचं जाहीर सांगितलेलं आहे. मला ते माहीत नव्हतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला नंतर कितीतरी दिवसांनी उमगली. त्या माणसाला माझ्या पार्सलबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. हे मेसेज हजारोंना एकदम जातात. त्या दिवशी ज्यांचं कुठलंच पार्सल वाटेत नसेल त्यांनी ते पुसून टाकले असतील. माझं होतं, म्हणून मी लिंक उघडली. माझं नाव आणि नंबर मीच भरून दिला. टांझानिया हा शब्द आधी मी उच्चारला. आत काय आहे ते मी सांगितलं, आणि त्या यादीतून त्यानं दंडाचं कारण काढलं. संवाद आठवून मी वहीत लिहून काढला, तेव्हा लक्षात आलं की त्याच्या तोंडी स्वतःची अशी एकही माहिती नाही. प्रत्येक वेळी माझंच वाक्य त्यानं मला परत दिलं होतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, असा फोन आला तर आपण काही सांगू नका. त्यालाच विचारा, पार्सलचा नंबर काय, कुठल्या देशाला जातंय, कुठल्या पोस्टातून कोणत्या तारखेला नोंदवलं.

नंबर तर पावतीवर असतोच. परदेशी स्पीड पोस्टाचा नंबर तेरा अक्षरांचा असतो. सुरुवातीला दोन रोमन अक्षरं, त्यातलं पहिलं ‘ई’, मग नऊ आकडे, आणि शेवटी आपल्या देशाचं ‘आय एन’. मेसेजमध्ये नुसते बारा आकडे होते. पावती देवघराच्या खणात, माझ्यापासून चार पावलांवर होती. मी ती काढून पाहिली नाही. लिंकच्या पत्त्यात ‘इंडियापोस्ट’ हा शब्द होता खरा, पण शेवट ‘व्हीआयपी’नं होत होता. टपाल खात्याच्या खऱ्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’नं होतो.

आता जे सांगते ते सांगणं मला सर्वांत जड जातं. मुलानं फोन ठेवला तेव्हा सव्वाचार वाजले होते. ह्यांना मी सात वाजून गेल्यावर सांगितलं. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात बसून होते. पेन्शनमधले पैसे, आणि तेही शिकल्यासवरलेल्या बाईनं असे घालवले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? हे चिडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘आधी १९३० लाव.’ हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. पलीकडच्या मुलीनं खाते, वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला. तो यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये व्यवहाराखालीच असतो, तो आधी लिहून घेऊन मगच फोन लावावा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण केली. स्क्रीनशॉट, ते खोटं पत्र, फोन नंबर सगळं जोडलं. सोमवारी बँकेतही लेखी दिलं.

२६,००० पैकी १९,००० रुपये पुढच्या एका खात्यात गोठवता आले. बाकीचे तोवर निघून गेले होते. गोठवलेले पैसे कोर्टाच्या हुकमानं काही महिन्यांनी परत मिळाले. १५,४२५ गेले ते गेले. हे लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भराभर फिरवतात, म्हणून पहिल्या तासातला फोन आणि तीन तासांनंतरचा फोन यात फार फरक पडतो. सव्वाचारलाच सांगितलं असतं तर आणखी किती वाचले असते कोण जाणे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून असं काही झालं तर त्याला आधी बोलू नका, आधी फोन लावू द्या.

नंतर आमच्या भजनी मंडळात मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. तिथं आणखी दोघी निघाल्या. एकीला ‘तुमच्या नावानं थायलंडला गेलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’ म्हणून फोन आला होता, आणि व्हिडिओवर एक गणवेशातला माणूस तिला दोन तास खोलीतून उठू देत नव्हता. याला ते लोक ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण अशी कुठलीही अटक आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं होतं. तिच्या सुनेनं वेळेत फोन हिसकावून घेतला, म्हणून ती वाचली. पैसे अजून गेलेले नसतील, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल, तर तो ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षु’ नावाच्या सोयीत कळवता येतो. मार्च २०२४ पासून ती चालू आहे, आणि मी आता प्रत्येक वेळी कळवते.

मुलगा त्या आठवड्यात दोडोमा शहरातल्या साइटवर होता. सोमवारी दार-ए-सलामला ऑफिसात गेला, तर टेबलावर पोस्टाची चिठ्ठी पडलेली. पेटीत पार्सल मावत नाही, तेव्हा तिथं नुसती चिठ्ठी टाकतात आणि ती दाखवून आपण माल घ्यायचा असतो. चिठ्ठीवर तारीख गुरुवारची होती. मी शनिवारी पैसे भरत होते, तेव्हा बाळंतविडा दोन दिवसांपासून दार-ए-सलामच्या पोस्टात ठेवलेला होता. पावतीवरचा नंबर टपाल खात्याच्या साइटवर घालून पाहिला असता तर तेही दिसलं असतं.

मुलगा चिठ्ठी आणि पासपोर्ट घेऊन खिडकीवर गेला. कस्टमच्या बाईंनी त्याच्यासमोर खोकं उघडलं. दुपटं उलगडून पाहिलं, हात फिरवला आणि पुन्हा तसंच घडी घालून ठेवलं. लाडू एक हुंगून परत दिला. वेखंड आणि बाकीची मुळं मात्र ठेवून घेतली, त्या बाबतीत पोस्टातले भाई खरेच ठरले. जो काही कर झाला तो आपल्या हिशेबानं हजार रुपयांच्या आतला. तो त्यानं तिथंच भरला आणि शिक्क्याची पावती घेतली. त्या पावतीचा फोटो त्यानं मला पाठवला. रावपुऱ्याच्या पावतीशेजारी तो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे.