पिंगुळीच्या गोठ्यातली चित्रकथी

आधी कामाचं सांगून टाकतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गावात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ नावाचं छोटं संग्रहालय आहे. गोव्याकडे गाडी पळवताना दीड-दोन तास काढता आले तर तिथे थांबा, आणि थांबलात तर चित्रकथीचा, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगितलेल्या कथेचा, किंवा बाहुल्यांचा खेळ बघितल्याशिवाय उठू नका. नुसत्या मांडलेल्या वस्तू बघायच्या म्हटलं तर अर्ध्या तासात आटोपेल, पण मग खानावळीत जाऊन भिंतीवरचा फळा वाचून परत आल्यासारखं होईल.

मी पुण्यात नाटकांची प्रकाशयोजना करतो. स्पर्धेची नाटकं, प्रायोगिक, कधी एखादा नाचाचा कार्यक्रम. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझं लक्ष आधी उजेड कुठून येतोय याकडे जातं. हे परीक्षण त्या बाजूला झुकलेलं असणार, हे गृहीत धरून वाचा.

जायला सोपं आहे. कोकण रेल्वेचं कुडाळ स्टेशन जवळच आहे, मुंबई-गोवा महामार्गही गावाला लागूनच जातो. राऊळ महाराजांच्या मठामुळे पिंगुळी कुणालाही विचारली तर सांगतात. आमच्या रिक्षावाल्याने तर वाक्य पुरं व्हायच्या आत ‘बावलेवाल्यांकडे मा?’ म्हणून गाडी वळवली. आदल्या रात्री जिथे उतरलो होतो तिथल्या काउंटरवरच्या गृहस्थांनी मात्र ‘थंय काय बघतलात? गोठो आसा तो’ असं ऐकवलं होतं. माणूस खोटं बोलत नव्हता. इथले ठाकर कलाकार परशुराम गंगावणे यांनी २००६ साली स्वतःच्या घरचा गुरांचा गोठाच संग्रहालयासाठी दिला. पुढे २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि पिंगुळीचं नाव तेवढ्यापुरतं सगळ्या वर्तमानपत्रांत झळकलं.

तेव्हा संगमरवरी फरशी, बटण दाबलं की बोलणारी यंत्रं, कॅफे असल्या अपेक्षा घेऊन जाऊ नका. जुनी चित्रं, लाकडी बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं, आणि शेजारीच ही कला करणारं कुटुंब. ज्या वस्तू इतरत्र काचेमागे असतात त्या इथे कामाला काढतात. मला विचाराल तर तिकडे जायचं खरं कारण हेच.

चित्रकथीपासून सुरुवात करतो, कारण तिथेच मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. कागदावर रंगवलेली चित्रं, साधारण मांडीवर उभी धरता येतील एवढ्या आकाराची. एका कथेची सगळी चित्रं क्रमाने लावून जो गठ्ठा होतो ती पोथी. कथा रामायण-महाभारतातल्या. पात्रं बहुतेक एका बाजूला तोंड करून उभी, मागे डोंगर-झाडांचा पसारा फारसा नाही, आणि डोळे हे एवढे मोठे. माझी आठवीतली मुलगी बराच वेळ एका चित्रासमोर उभी होती, मग म्हणाली, ‘बाबा, तोंडं सगळ्यांची तिकडे आहेत, पण डोळे आपल्याकडे.’ बरोबर पकडलं होतं तिने. चेहरा बाजूने काढलेला, डोळा समोरून. माझा धंद्यातला अंदाज असा की हे रात्रीच्या देवळातलं शहाणपण आहे. समई-पणतीच्या उजेडात, दहा हातांवर बसलेल्या माणसाला नाकाची रेघ दिसत नाही, पांढऱ्यात ठसठशीत काळं बुबुळ दिसतं. आमच्याकडे नटाच्या डोळ्यांत काजळ भरतात ते तरी कशासाठी?

आणि एक कारागिरी मी चोरून आणणार आहे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एक प्रसंग सांगून संपवतो आणि मनगट फिरवतो की पुढचा प्रसंग समोर. तेवढ्याच कामाला मला एक ब्लॅकआउट, दोन माणसांची अंधारातली धावपळ आणि पुन्हा लाइट असा खटाटोप करावा लागतो, आणि त्यातही कुणीतरी खुर्चीला अडखळतोच.

सांगणारा वीणा छेडत सांगतो. साथीला हुडूक आणि टाळ. हुडूक म्हणजे कमरेशी बारीक असलेलं छोटं चर्मवाद्य. त्याचा आवाज कानाला लागतो तेवढाच पोटातही लागतो. ओव्या आणि गद्य यांची सरमिसळ चालू असते. ओवीत थोडं पुढे जायचं, मग थांबून बोलीत समजावून द्यायचं, पुन्हा ओवी. चित्र मध्येच जरा वर उचललं जातं, जरा पुढे झुकतं, आणि ज्या पात्राचं बोलणं चालू असेल त्याच्याकडे आपली नजर आपोआप जाते. भिंतीवर टांगलेलं तेच चित्र आणि हातातलं तेच चित्र यांत किती फरक पडतो हे मी लिहून सांगू शकणार नाही. म्हणूनच वर म्हटलं, खेळ बघा.

ही परंपरा किती जुनी, याचा एक पुरावा सांगण्यासारखा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात रंगवलेल्या चित्रांसह कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. ही कला जपणाऱ्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासी समाजाला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. नवरात्रात देवळातून चित्रकथी सांगायची, कोणत्या घराने कोणत्या देवळात सांगायची तेही ठरलेलं. गावोगाव फिरणारी माणसं म्हणून शिवकाळात हेरगिरीचं कामही यांच्याकडे असे, असं ही मंडळी सांगतात. संस्थानं गेली, पुढे घरोघर टीव्ही आला, आणि रात्रभर कथा ऐकायला बसणारा श्रोता उठून गेला. महाराष्ट्रातल्या बहुतेक लोककलांची कहाणी अशीच आहे, तेव्हा त्यावर जास्त गळा काढत नाही.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, चामड्याच्या बाहुल्या. सावल्यांचा खेळ. ज्यांनी आंध्रची तोलू बोम्मलाटा पाहिली असेल त्यांच्या डोळ्यांसमोर जवळजवळ माणसाएवढ्या, रंगीत, आरपार उजळणाऱ्या बाहुल्या येतील. इथल्या बाहुल्या लहान आहेत आणि भर बाह्यरेषेवर आहे. चामड्याला पाडलेल्या भोकांतून उजेड येतो आणि पडद्यावर दागिने, मुकुट, कमरपट्टा उमटतात. बाहुली पडद्याला टेकवली की कड सुरीसारखी धारदार. दिव्याकडे ओढली की तीच मोठी होत जाते आणि कडा विरघळतात. राक्षस मोठा करायला वेगळी बाहुली लागत नाही, वीतभर मागे यायचं फक्त. मात्र त्यासाठी उजेड एका ठिपक्यातून यायला हवा. शाळेच्या गॅदरिंगला हौसेने सावल्यांचा खेळ बसवणाऱ्या बाईंना आणि सरांना माझी विनंती आहे की एलईडीची लांब पट्टी लावू नका, प्रत्येक बोटाच्या चार-चार सावल्या पडतात. एकच दिवा लावा. ठाकरांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मुलांना सगळ्यात आवडतो. आधी गणपती येतो, मग कथा. बाहुली नाचते तेव्हा सगळे बाहुलीकडे बघतात. मी मान वाकडी करून वरच्या बोटांकडे बघत होतो आणि बायकोच्या शिव्या खात होतो. खेळ बघणाऱ्याने असं करू नये हे मान्य. पण करंगळीच्या एवढ्याशा हालचालीने लाकडाच्या तुकड्याला मान डोलवायला लावणारा हात दिसत असताना नजर हटत नाही, त्याला मी काय करू? याशिवाय पांगुळ, पोतराज, राधानृत्य अशा ठाकर समाजाच्या इतर कलाही इथे कळतात.

इथे जरा चिडून घेतो. मागे पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात कापडी पिशव्यांवर यंत्राने छापलेली चित्रकथीची पात्रं दिसली. स्टॉलवरची मुलगी त्याला बिनदिक्कत ‘वारली’ म्हणून विकत होती. अहो, वारली म्हणजे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं काम, त्रिकोणांची माणसं, पालघर-डहाणूकडची. त्या आदिवासी समाजाची वेगळी रीत, वेगळा देव, वेगळा प्रसंग. चित्रकथी कागदावर, रंगात, पोथीच्या क्रमाने आणि गाऊन सांगण्यासाठी. दोघांची टोकं राज्याच्या दोन कोपऱ्यांत. आदिवासी म्हटलं की सगळं एकाच डब्यात कोंबायची आपली सवय पिंगुळीला जाऊन आलं तर थोडी तरी सुटेल.

आता एक काळजी. ती या जागेबद्दल नाही, कोकणाबद्दल आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात कागद, चामडं आणि लाकूड टिकवणं म्हणजे काय हे ज्याने पावसाळ्यात कपाटातली चप्पल हिरवी झालेली पाहिलीये त्याला वेगळं सांगायला नको. कसर, वाळवी, बुरशी तिघी टपलेल्या. मोठ्या शहरातल्या संग्रहालयांत याला वेगळा विभाग आणि पगारी माणसं असतात. इथे घरचीच माणसं. निदान आपण भर घालू नये. जुन्या कागदावरच्या रंगांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पाडू नये असा संग्रहालयांचा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे बेताच्या घरगुती उजेडापेक्षाही मंद. तेव्हा मोबाइलचा टॉर्च मारून ‘जरा डिटेल बघू’ हे धंदे करू नका. फ्लॅश तर नकोच. रंग उडाला की परत येत नाही, हे माझ्यासारख्या आयुष्यभर दिवे जाळणाऱ्या माणसाचं ऐका.

जोडून काय बघावं? सावंतवाडी फार लांब नाही. तिथे राजवाड्यात गंजिफा रंगवण्याचं काम चालतं. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी मिळतात. एका दिवसात दोन्ही होतं. आणि पुण्याच्या मंडळींसाठी: केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रं आहेत. पिंगुळीला गाणं ऐकून आल्यावर ती पुन्हा बघा. मी बघितली. या वेळी डोक्यात हुडूक वाजत होता.

कुणी जाऊ नये? ज्यांना प्रत्येक ठिकाणी पाटी वाचून पुढे सरकायचं असतं त्यांनी. इथे विचारावं लागतं. विचारलं की मिळतं. आमच्या मुलीने बाहुलीच्या दोऱ्यांबद्दल, चित्रातल्या रंगांबद्दल विचारून विचारून भंडावून सोडलं, तरी कुणी तिला ‘हात लावू नको, पुढे चल’ म्हटलं नाही. पाचेक वर्षांच्या आतली मुलं मात्र चित्रकथीला कंटाळतील. त्यांना आधी बाहुल्या दाखवा, मग कथा.

जाण्याआधी चौकशी करून जा, कारण कलाकार मंडळी कार्यक्रमांना बाहेर असू शकतात, आणि दारात उभं राहून ‘आत्ता पाच मिनिटांत काहीतरी दाखवा’ म्हणणं बरं दिसत नाही. खेळ ठरवलात तर त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. पुण्यात दोन अंकी नाटकाचं तिकीट आपण काढतोच ना? चित्र घ्यायचं असेल तर हाताने रंगवलेलं मागा आणि कोणता प्रसंग आहे तो तिथेच ऐकून घ्या, घरी आल्यावर पाहुणे विचारतात. आम्ही एक घेतलं, काच लावून उत्तरेच्या भिंतीवर टांगलं, जिथे थेट ऊन येत नाही. खिशात थोडी रोकड ठेवा. पावसाळ्यात गेलात तर ओल्या छत्र्या आणि रेनकोट बाहेरच ठेवा, आत कागद आहे.