‘फ्युरी रोड’ की ‘फॉलआउट’?

एका मित्राला एकाच रात्रीत एकच ॲक्शनपट बघायचाय. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) की ‘मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट’ (२०१८)? मी दोन्ही नुकतेच पाहिलेत, म्हणून हे.

वेळ: पहिला दोन तासांत आटोपतो, दुसरा जवळपास अडीच तास.

कथा: ‘फ्युरी रोड’मध्ये बोलणं कमी, पळापळ फार. ‘फॉलआउट’मध्ये कोण कुणाच्या बाजूनं हे सतत लक्षात ठेवावं लागतं. मध्येच फोन बघितलात की धागा सुटलाच.

स्टंट: खरी चुरस इथेच. ‘फ्युरी रोड’साठी नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवल्या, उलटवल्या. दिग्दर्शक जॉर्ज मिलर महत्त्वाची हालचाल चौकटीच्या मध्यावर ठेवतो, त्यामुळे झपाझप कट असूनही डोळे भरकटत नाहीत. ‘फॉलआउट’मध्ये टॉम क्रूझ लंडनमध्ये इमारतीवरून उडी मारताना घोटा मोडून घेतो, आणि तोच शॉट सिनेमात आहे! (वेडा माणूस.) तरी स्टंटमध्ये माझं मत मिलरला.

डोकं दमलंय आणि पडदा मोठा, आवाज दणदणीत असेल तर ‘फ्युरी रोड’. निवांत वेळ असेल, कटकारस्थानात गुंतायचं असेल, तर ‘फॉलआउट’. तो लहान पडद्यावरही चालून जातो.