द्राक्षाच्या गटाने पैसे आधी कुठे घालायचे: कोल्ड स्टोरेज, प्रीकूलिंग की एसी गाडी?

शेतकऱ्यांच्या गटाने लोन काढायचं ठरलं की पहिली मागणी हमखास हीच, "स्वतःचं कोल्ड स्टोरेज बांधू". दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांकडून हे खूप ऐकतो आणि माझं मत स्पष्ट आहे, आधी प्रीकूलिंग, म्हणजे तोडलेला माल काही तासांतच झटपट गार करणं, मग माल लांब जात असेल तर एसी गाडी, आणि स्वतःचं कोल्ड स्टोरेज सगळ्यात शेवटी.

मार्चमध्ये उन्हं वर आल्यावर तोडलेल्या घडाच्या आत २८-३० डिग्री सहज भरते. तिथून देठ सुकायला लागतो आणि देठ तपकिरी पडला की मणी कितीही कडक असू दे, व्यापारी रेट पाडणारच. म्हणून पहिले पाच-सहा तास महत्त्वाचे, आणि नेमकं तेच काम कोल्ड स्टोरेजच्या रूमला जमत नाही. गणित करून बघा, ५ टन द्राक्षं ६ तासात ३० वरून २ डिग्रीवर आणायची तर नुसती मालातली उष्णता ओढायला साधारण ७ टन रेफ्रिजरेशन (हा टन वजनाचा नाही, मशीनच्या गार करण्याच्या ताकदीचा) लागतं, आणि साठवणुकीच्या छोट्या रूमचं मशीन याच्यापेक्षा बरंच लहान असतं कारण ते गार माल गार ठेवण्यासाठीच बसवलेलं असतं. त्यात गरम क्रेट ढकलले की आधीचा थंड मालही तापतो, त्याच्यावर पाणी धरतं आणि मग बुरशी.

प्रीकूलिंगमध्ये मोठा पंखा गार हवा पेट्यांच्या आरपार ओढतो. फक्त थप्पी लावताना पेट्यांची भोकं समोरासमोर यायला हवीत, मधल्या फटी झाकायला हव्यात, नाहीतर हवा बाजूने पळते आणि मधली पेटी गरमच राहते. सल्फरचं पॅड (बुरशी रोखणारा गॅस सोडणारा कागद) ठेवून लायनर, म्हणजे पेटीतली प्लास्टिकची पिशवी, बंद करायचा तो माल गार झाल्यावर.

आता गाडी. एसी गाडीसुद्धा माल थंड करत नाही हो, थंड आलेला तसाच पोचवते, त्यामुळे प्रीकूलिंग न करता ती लावणं म्हणजे भाडं वाया. माल वाशीला रातोरात जाणार असेल तर पहाटे तोडून सावलीत पॅक करून साध्या गाडीनेच पाठवा, एवढ्या अंतराला एसीचं भाडं परवडत नाही आणि गार केलेला माल उघड्या गाडीत टाकला तर उलट घाम सुटतो. दिल्ली-कोलकात्याला मात्र रस्त्यातच दिवस जातात, तिथे एसी गाडीच.

स्वतःच्या कोल्ड स्टोरेजची खरी अडचण अशी की द्राक्षाचा सीझन साधारण जानेवारी ते एप्रिल, पुढे काय ठेवणार? टोमॅटो ठेवू म्हणतात, पण द्राक्षाला शून्याच्या आसपास लागतं आणि टोमॅटोला १०-१३, खाली गेला की रंग धरत नाही, डाग पडतात. कांद्याला आपली चाळ आहेच. म्हणजे सात-आठ महिने रूम रिकामी आणि बँकेचा हप्ता चालू. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे माल थांबवायचा असेल तर भाड्याने जागा घ्या, पण त्या रूममध्ये दुसरं काय ठेवलंय ते आत जाऊन बघा, सल्फरच्या पॅडचा गॅस शेजारच्या मालाला बाधतो. डाळिंबासारखी दुसरी पिकं भरपूर असतील आणि वेगवेगळ्या तापमानाच्या दोन-तीन रूम भरणार असतील तरच स्वतःचं बांधण्याचा विचार.

आणि अनुदान मिळतंय म्हणून बांधू हे कारणच धरू नका, एमआयडीएचचं (केंद्राच्या फलोत्पादन योजनेचं) ३५ टक्के अनुदान प्रीकूलिंग युनिट आणि एसी गाडीलाही आहे, शिवाय २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं व्याजात ३ टक्के सूट मिळते.

गाडी ठरवताना एक गोष्ट मात्र लिहून घ्या, पेट्यांमध्ये डेटा लॉगर (वाटेतलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) ठेवणार म्हणून. रात्री डिझेल वाचवायला मशीन बंद ठेवतात काही ड्रायव्हर, पोचल्यावर माल वरवर चांगला दिसतो आणि दोन दिवसांनी मणी गळायला लागल्यावर मग कोणीच जबाबदारी घेत नाही. लोडिंगला पल्प थर्मामीटर (फळाच्या आतलं तापमान मोजणारा) मण्यात खुपसून आकडा गाडीच्या चलनावर टाका, उतरवतानाही तेच करा.