रोटाची लस: क्लिनिकमधली दोन डोसवाली की उपकेंद्रातली तीन डोसवाली?

मेहुणीचं बाळ पाच आठवड्यांचं झालंय आणि तिने तोच प्रश्न विचारला जो आम्ही दोनदा सोडवलाय, थोरलीच्या वेळी पैसे भरून आणि धाकट्याच्या वेळी फुकटात. रोटाव्हायरसच्या जुलाबाने पोर दोन दिवसात कसं सुकतं ते तिला माहितीये, लस द्यायचीच आहे, फक्त कुठली आणि कुठे एवढंच.

आकड्यांनी माझं तरी काही ठरलं नाही. गंभीर जुलाबापासून बचाव रोटारिक्सने (ही क्लिनिकमधली दोन डोसवाली) श्रीमंत देशांत 85 टक्क्यांच्या वर दाखवला, पण तीच लस आफ्रिकेतल्या मलावीत 49 वर आली. उपकेंद्रातल्या तीन डोसवाल्या दोन, त्यातली रोटाव्हॅक भारतात पहिल्या वर्षी 56 च्या आसपास, रोटासिल आफ्रिकेतल्या नायजरमध्ये 67 आणि आपल्याकडे 40 च्या आत. वेगवेगळ्या ट्रायलचे आकडे शेजारी मांडून कोण भारी हे ठरत नाही, पण गरीब मुलखात सगळ्याच लंगडतात हे दिसतं. रोटाव्हॅकच्या ट्रायलचं एक केंद्र आमच्या शिक्रापूरजवळ वढूला होतं, त्यामुळे मला तिचा जरा जिव्हाळा आहे, तेवढा पक्षपात धरून चाला.

आता खरी गोष्ट. थोरलीला रोटारिक्स घेतली कारण दोनच डोस, एक खेप वाचते असं वाटलं. पहिला डोस झाला, दुसऱ्याच्या वेळी क्लिनिकमध्ये लसच नाही. "सोमवारी येईल." सोमवारी फोन केला तर "गुरुवारी बघा." असं करत पोरगी सव्वातीन महिन्यांची झाली, आणि ही लस 24 आठवड्यांच्या आत पूर्ण करायची असते म्हणून बायको रोज कॅलेंडर बघायची. शेवटी दुसरीकडे दुसऱ्या कंपनीची घेतली, आणि कंपनी बदलली की एकूण तीन डोस करावे लागतात! म्हणजे पैसे दोनवालीचे आणि खेपा तीनवालीच्या. शिवाय खेप वाचते हे तरी कुठे खरं, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाकीच्या लसींसाठी जावंच लागतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

धाकट्याला उपकेंद्रात नेलं. महाराष्ट्रात 2019 पासून ही लस सरकारीत मिळते. त्रास तिथेही आहे, आमच्याकडे फक्त बुधवारी असते, अर्ध्या दिवसाची रजा जाते, आणि पाच थेंबांची रोटाव्हॅक येणार की अडीच मिलीची रोटासिल हे आपल्या हातात नाही. पण सिस्टरचा हात बसलेला आहे. गाल दोन बोटांनी हलकेच दाबले, तोंडाचा चंबू झाला की आतल्या बाजूने लस सोडली, त्याने तोंड वाकडं करून गिळून टाकली, आणि मग मांडीत सुया. तोंडाची आधी, सुया नंतर. क्लिनिकमध्ये आमच्या वेळी उलटं केलं होतं, रडत्या पोरीच्या तोंडातून निम्मी लस माझ्या शर्टावर, आणि परत द्यायची का नको यावर तिथल्या दोघींची चर्चा.

जुलाब दोघांनाही झाले बरं का. नोरोव्हायरस, ॲडेनो, ॲस्ट्रो हे जुलाबाचे दुसरे विषाणू उरतातच, त्यांच्यावर ही लस चालत नाही, तेव्हा ओआरएस आणि 14 दिवस झिंक कुठल्याही बाजूने गेलात तरी घरात ठेवा. सासूबाई "मग लस कशाला घेतली?" म्हणाल्याच.

गावापासून लांब राहत असाल, बुधवारची सुट्टी मिळत नसेल तर क्लिनिक वाईट नाही, फक्त पहिला डोस द्यायच्या आधी पुढचा फ्रीजमध्ये आहे का ते विचारा, आणि तुमचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. मेहुणीला मी काही बोललो नाही, दोन्ही कार्डं समोर ठेवली. धाकट्याच्या कार्डावर तीन तारखा, तिन्ही एकाच निळ्या पेनाने. थोरलीच्या कार्डावर दोन कंपन्यांचे स्टिकर, मधली तारीख खोडून वर लिहिलेली, आणि बाजूला बायकोच्या अक्षरात तीन फोन नंबर.

ती म्हणाली, बुधवारी किती वाजता उघडतं?