जुनं तयार घर की बांधकाम चालू असलेलं नवं?

बजेट तोकडं असेल तर माझं मत जुन्या घराकडे झुकतं. कारण साधं आहे: जे घेतोय ते डोळ्यांनी दिसतं. नव्या घरात दिसतो तो सजवलेला नमुना फ्लॅट. तिथला पलंगही कधी कधी नेहमीपेक्षा आखूड असतो, खोली मोठी वाटावी म्हणून!

जुनं घर मात्र नीट बघावं लागतं. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. सगळ्या भिंती मळलेल्या आणि एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला, तर तिथे हात लावून बघा. ओल बहुधा तिथेच असते. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर कशावर येतं, तेही विचारा. वायरिंग आणि पाइप बदलायचा खर्च आधीच बाजूला ठेवा. दोन्ही गोष्टी भिंतीत दडलेल्या असतात. आणि हो, घर जितकं जुनं, तितकं बँक कर्जाची मुदत कमी करू शकते, म्हणजे हप्ता वाढतो.

नव्याचे फायदे खरे आहेत. पैसे टप्प्याटप्प्याने जातात, सुरुवातीची काही वर्षं दुरुस्तीही फारशी निघत नाही. पण ताबा लांबला की भाडं आणि बँकेचं व्याज, दोन्ही एकाच पगारातून. शिवाय ८ टक्के व्याजाच्या २० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातला जवळजवळ ८० टक्के भाग व्याजातच जातो. वर्षभराचं भाडं हाताशी शिल्लक असेल, तरच नव्याचा विचार करा.