मांजरांच्या ‘घरगुती’ खाऊच्या नावाखाली झालेली फसवणूक

बेळगाव शहरात आणि खानापूर भागात ‘घरगुती, मीठ-मसाला नसलेला, निव्वळ कोंबडीचा’ म्हणून मांजरांच्या खाऊची पाकिटे घरपोच विकली जातात. अशाच एका विक्रेत्याने आम्हाला फसवले आणि आमची मनी मरता मरता वाचली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टिळकवाडीतील आमच्या घरी त्याने दाखवलेला नमुना खरोखरच उकडून वाळवलेल्या कोंबडीच्या पट्ट्यांचा होता आणि सुरुवातीची पाकिटेही तशीच आली. मग सवलतीचे आमिष दाखवून त्याने पुढील काही महिन्यांची रक्कम आगाऊ, स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतली, आणि त्यानंतर पट्ट्यांच्या जागी तपकिरी गोळ्या येऊ लागल्या. मांस तेच आहे, फक्त आकार बदलला आहे, असे त्याचे उत्तर होते.

काही दिवसांत मनीचे खाणे सुटले, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि लघवीचा रंग गडद झाला. पशुवैद्यांनी रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तांबड्या पेशींवर हाइन्झ बॉडीज (पेशीतील हिमोग्लोबिन बिघडून तयार झालेले ठिपके) दिसल्या आणि त्यांचा पहिलाच प्रश्न कांदा-लसणाविषयी होता. कांद्या-लसणातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅम कांदाही अपायकारक ठरू शकतो, शिजवल्याने किंवा वाळवल्याने विष जात नाही, आणि पूड तर ओल्या कांद्याहून कितीतरी तीव्र असते. घरी येऊन एक गोळी कोमट पाण्यात भिजवली, तर मैद्याचा चिकट लगदा झाला आणि सूपच्या मसाल्यासारखा कांद्याचा वास सुटला.

शेजारच्या कन्नड भाषक अक्कांनीही तोच खाऊ घेतला होता. आम्हा मराठी गिऱ्हाइकांना हा माल महाराष्ट्रातील चंदगडच्या बचत गटाचा म्हणून सांगितला जात होता, तर त्यांना धारवाडच्या महिलांचा म्हणून. आपल्या भागातील माणसाला आपल्या भाषेतल्या बायकांच्या कष्टांविषयी जी आपुलकी वाटते, तिचाच हा बाजार होता, आणि याचाच मला सर्वाधिक संताप आहे. पाकिटावर उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना यांपैकी काहीच नव्हते, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक मात्र ठळक होता. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातील अन्नाच्या व्याख्येतून जनावरांचे खाद्य वगळलेले आहे. त्यामुळे अशा पाकिटावर तो क्रमांक दिसला, तर विश्वास वाढण्याऐवजी शंका यायला हवी. विचारणा करताच विक्रेत्याचा फोन बंद झाला.

विक्रेता सीमेपलीकडचा असला तर तक्रार महाराष्ट्रात जाऊनच करावी लागेल, असा समज आपल्याकडे आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे बेळगावातच, तक्रार दाखल करता येते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. ऑनलाइन पैसे देऊन फसवणूक झाली असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते.

खाऊ आता आम्ही घरीच करतो. बिनहाडाची कोंबडी मीठ, हळद, तेल काहीही न घालता उकडायची, पातळ पट्ट्या करून मंद ओव्हनमध्ये सुकवायच्या, फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायच्या. मात्र हा वरचा खाऊ आहे, जेवण नव्हे: दिवसभराच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपलीकडे तो जाऊ नये, म्हणजे चार किलोच्या मांजराला सुकवण्याआधीच्या उकडलेल्या वजनाने साधारण 15 ग्रॅम. नुसत्या उकडलेल्या मांसावर मांजर ठेवले, तर टॉरिन या अमिनो आम्लासारखे आवश्यक घटक कमी पडून डोळे आणि हृदय यांना इजा होऊ शकते.

ज्यांच्याकडे अशा तपकिरी गोळ्या उरल्या असतील, त्यांनी त्या मांजराला देऊ नयेत, पण फेकूनही देऊ नयेत; पाकीट, यूपीआयची नोंद आणि पशुवैद्यांचा अहवाल एकत्र ठेवावा, कारण आयोगापुढे हाच पुरावा उपयोगी पडतो.